उलट्या मताचा वाद नीट कसा लावावा

प्रश्न असा आहे: सांगलीत पंचवीसेक जण महिन्यातून एकदा संध्याकाळी जमतात. रूढ मताच्या विरुद्ध एक मत कुणीतरी मांडायचं आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा, असा बेत. विषय तीन ठरले: लोकप्रिय गाणी, सुपरहिरोंची कॉमिक्स आणि पटावरचे खेळ. पहिल्या बैठकीत 'हल्लीची गाणी जुन्यांपेक्षा सरस आहेत' यावर हमरीतुमरी झाली. दुसरीत 'सुपरमॅन कंटाळवाणा आहे' हे मत सिनेमाच्या दीड तासाच्या गप्पांत वाहून गेलं. तिसरीत 'व्यापार हा खेळच वाईट' म्हटल्यावर 'आवड ज्याची त्याची' असं कुणीतरी म्हणालं आणि वीस मिनिटांत सगळं आटोपलं. माणसं वाचणारी, ऐकणारी, खेळणारी आहेत. मग वाद उभा का राहत नाही?

कारण तिन्ही वेळा तुमच्याकडे मत होतं, प्रतिज्ञा नव्हती. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, मांडणीची पाच अंगं सांगितली आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. काय सिद्ध करायचं ते एका वाक्यात सांगायचं, कारण द्यायचं, उदाहरण द्यायचं, ते उदाहरण आपल्या मुद्द्याला कसं लागू पडतं ते दाखवायचं आणि मग निष्कर्ष. उलटं मत बाळगणाऱ्यांकडे हेतू असतो, उदाहरणांची तर पोती असतात. कच्ची असते ती प्रतिज्ञा, आणि उपनय तर बहुतेक जण गाळूनच टाकतात. त्यामुळे समोरचा नेमकं काय खोडायचं हे न कळून माणसालाच खोडायला लागतो.

त्याच शास्त्रात चर्चेचे तीन प्रकार आहेत आणि ते तुमच्या बैठकीत मोठ्या अक्षरांत लावून ठेवावेत इतके कामाचे आहेत. खरं काय ते शोधायला केलेला तो वाद. जिंकायला केलेला तो जल्प. स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याची तेवढी पाडत राहणं म्हणजे वितंडा. उलट्या मताच्या बैठका हमखास वितंडेकडे घसरतात, कारण रूढ मताला भोकं पाडणं सोपं असतं. 'सगळे ज्याला थोर म्हणतात ते थोर नाही' एवढं म्हटलं की टाळ्या मिळतात आणि पुढे काही मांडावं लागत नाही. म्हणून पहिला नियम हा करा: उलटं मत आणणाऱ्याने मंडनही करायचं. 'अमुक भंपक आहे' हे वाक्य पटावर घेऊच नका. 'अमुक कसोटीवर तमुक त्याच्याहून सरस आहे' असं आणलं तरच घ्या.

प्रतिज्ञा घडवताना चार गोष्टी वाक्यात आल्याच पाहिजेत: कशाबद्दल (कुठल्या काळातलं, कुठल्या भाषेतलं, कुठल्या आवृत्तीतलं), कशाच्या तुलनेत, कुठल्या कसोटीवर, आणि काय दाखवलं तर मी हे मत मागे घेईन. चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. जो माणूस 'काहीही दाखवलं तरी मागे घेणार नाही' म्हणतो, त्याच्याशी वाद घालण्यात सगळ्यांची संध्याकाळ जाते. 'हल्लीची गाणी सरस' याची प्रतिज्ञा अशी होऊ शकते: '२०१० नंतरच्या मराठी चित्रपटगीतांतला वाद्यमेळ १९७० च्या दशकातल्या गीतांपेक्षा अधिक विविध आहे, दोन्हीकडून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दहा-दहा गाण्यांत वाद्यं मोजली आणि तसं निघालं नाही, तर मत मागे.' हे वाक्य खरं आहे की खोटं ते वादात ठरेल. पण आता त्यावर वाद घालता येतो.

'आवड ज्याची त्याची' हे वाक्यही इथेच निकालात निघतं. मला काय आवडतं यावर वाद नाहीच. तिथे माझा शब्द शेवटचा. पण 'हे चांगलं आहे' म्हटलं की कसोटी सांगावी लागते, आणि कसोटी सांगितली की ती लागू पडते का हे दुसरा तपासू शकतो. अध्यक्षाने हे वाक्य आलं की एवढंच विचारावं: तुम्ही आवडीबद्दल बोलताय की गुणाबद्दल?

आता गाणी. इथे घोळ सगळ्यांत जास्त होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला घोळ निवडीचा. जुन्याची बाजू घेणारा पन्नास वर्षांच्या चाळणीतून उरलेली वीस गाणी आणतो. नव्याची बाजू घेणाऱ्याच्या गाण्यांना चाळणी अजून लागलेलीच नसते. तुलना गाण्यांची होत नाही, चाळलेल्या आणि न चाळलेल्या धान्याची होते. उपाय असा की दोन्हीकडे चाळणी सारखी ठेवायची. बिनाका गीतमाला ही लोकप्रिय हिंदी चित्रपटगीतांची मालिका १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झाली आणि तिच्या वार्षिक याद्या आजही मिळतात. एखाद्या वर्षाची यादी घ्या, वरची सोडून द्या आणि तळातली पाच गाणी वाजवा. नव्या बाजूनेही एका वर्षाची लोकप्रियतेची यादी घेऊन तळातलीच पाच आणावीत. जुन्या काळातही सुमार गाण्यांचा रतीब होता हे दहा मिनिटांत कळतं. आणि तळातसुद्धा चांगलं काम सापडलं, तर जुन्याच्या बाजूला खरा पुरावा मिळतो.

दुसरा घोळ आवाजाच्या पातळीचा, आणि तो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. दोन गाणी पाठोपाठ वाजवली तर किंचित मोठ्याने वाजणारं गाणं सरस वाटतं. फरक एक-दोन डेसिबलचा असेल तर 'आवाज मोठा आहे' असं कुणी म्हणत नाही; 'हे भरदार आहे, यात जीव आहे' असं म्हणतात. सीडीच्या काळात, विशेषतः १९९० नंतर, सरासरी पातळी वर चढवण्याची चढाओढ लागली. जुनी मुद्रणं त्या मानाने हळू आहेत. म्हणजे काहीच न करता वाजवलंत तर नवं गाणं अर्धा डाव आधीच जिंकलेलं असतं. एकच स्पीकर वापरा. मोबाईलवर आवाज मोजायचं एखादं ॲप घ्या, फोन मधल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवा आणि दोन्ही गाण्यांच्या मुखड्यांची सरासरी एका डेसिबलच्या आत आणा. फोनचा आकडा खराखुरा नसतो, पण तुलनेला पुरतो. मात्र फोन जागचा हलवू नका. यूट्यूबवरून वाजवत असाल तर 'स्टेबल व्हॉल्यूम' बंद ठेवा, नाहीतर गाण्यातला चढउतारच सपाट होतो. प्रत्येकी चाळीस ते पन्नास सेकंद पुरे, आणि दुसऱ्या जोडीच्या वेळी क्रम उलटा करा.

तिसरा घोळ संशोधनाच्या बातम्यांचा. 'हल्लीची गाणी सारखीच वाटतात हे विज्ञानाने सिद्ध झालं' असं कुणीतरी म्हणतंच. ते २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, बार्सिलोनातल्या संशोधकांच्या अभ्यासावरून आलेलं असतं. त्यांनी १९५५ ते २०१० या काळातल्या काही लाख पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणांचं गणित मांडलं: स्वर एकापुढे एक कसे येतात त्यातलं वैविध्य घटलं, नादाचा पोत एकसारखा होत गेला, पातळी वाढली. पण २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीतली, १९६० ते २०१० मधली सुमारे १७,००० गाणी तपासली आणि त्यांना सलग घसरण दिसली नाही. १९८० च्या दशकाच्या मध्याला वैविध्य घटलं आणि पुन्हा वाढलं. शिवाय १९६४, १९८३ आणि १९९१ च्या आसपास तीन मोठी वळणं सापडली. यातला एक खरा आणि एक खोटा असं समजायचं कारण नाही. मोजायच्या गोष्टी वेगळ्या, गाणी निवडायची रीत वेगळी. आणि दोन्ही अभ्यासांत मराठी गाणी नाहीत. तेव्हा सांगलीच्या बैठकीत यांतलं काहीही आणायचं तर 'ते आपल्या गाण्यांना का लागू पडतं' हे आणणाऱ्याने सांगायचं. उपनय म्हणतात तो हाच.

उलटं मत म्हणून ऑटोट्यूनचं उदाहरण फार चांगलं आहे, कारण मिरज शेजारीच आहे. प्रतिज्ञा घ्या: 'ऑटोट्यूनने गाण्याचं जे नुकसान केलं म्हणतात, ते हार्मोनिअमने केलं म्हणतात त्याहून वेगळं नाही.' ऑटोट्यून हे गायकाचा सूर सुधारणारं सॉफ्टवेअर, १९९७ साली बाजारात आलं. त्यात गायकाचा सूर ठरलेल्या सप्तकातल्या जवळच्या स्वरावर किती लवकर ओढायचा हे ठरवता येतं. ओढ अगदी झटपट ठेवली की मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं, तुटून पायऱ्या होतात, तो यांत्रिक आवाज येतो. ओढ सावकाश ठेवली तर लांब स्वर सुधारतो आणि मींड बरीचशी वाचते. तेव्हा यंत्र वापरलंय हे बहुतेकांना कळतही नाही. हार्मोनिअमवरचा जुना आक्षेपही याच जातीचा: बारा ठरीव स्वर, मधली जागाच नाही, मींड निघत नाही. त्या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनिअमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. आज शास्त्रीय मैफलीत पेटीची साथ फारशी कुणाला खटकत नाही. विरुद्ध बाजूचा भक्कम मुद्दाही आहे आणि तो मांडलाच पाहिजे: पेटी गळ्याच्या शेजारी वाजते, गळा मोकळा राहतो, ऑटोट्यून गळ्यालाच हात घालतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना, म्हणजे तारेचा झणकार जुळवताना, घोडीवर किती बारीक काम होतं ते पाहिलेलं कुणी बैठकीत असेल तर त्याला आधी बोलू द्या. यंत्राने सूर 'बरोबर' करणं आणि कानाने सूर लावणं यांत काय फरक आहे, हे त्याला शब्दांत सांगता येईल.

'रील्सच्या नादाने गाणी तोकडी झाली, म्हणून उथळ झाली' हे रूढ मत खोडायलाही मिरजच मदतीला येते. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, १९३७ साली गेले. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं चाले. लांबी कमी म्हणून खोली कमी, हे त्यांचं मुद्रण ऐकून म्हणून दाखवावं. मात्र प्रतिपक्षाला इथे जागा आहे: तीन मिनिटांची मर्यादा यंत्राची होती, गायक बाहेर तासन्तास गात होता. पंधरा सेकंदांत पकड घ्यायची ही सक्ती रचनेच्या आतच शिरते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. गाण्यांचा वाद ऐकणाऱ्यांच्या वादात बदलू देऊ नका. 'ही गाणी ऐकणारे लोक कसले' हे वाक्य आलं की बैठक मुद्द्यावरून गुद्द्यावर गेलीच. आपल्याकडे नाट्यपद, लावणी, भजनी मंडळाची चाल, मिरवणुकीतलं डीजेचं गाणं या प्रत्येकाच्या मागे माणसांचे थर आहेत आणि गाण्याला नावं ठेवताना जात-वर्ग नकळत बोलले जातात. हे सरकारी पातळीवरही घडलं आहे: बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांच्या बाजूनेही प्रतिज्ञा बांधता येते आणि ती बांधून बघण्यासारखी आहे. पण ती गाण्यांबद्दलची असावी, श्रोत्यांच्या लायकीबद्दलची नव्हे.

कॉमिक्सच्या वादाला एकच नियम पुरतो: पान दाखवा. अंक कुठला, वर्ष कुठलं, चौकट कुठली. ज्यांनी फक्त सिनेमे पाहिलेत त्यांना गप्प करायला हा नियम नाही. सिनेमावर वेगळी प्रतिज्ञा घेता येते. पण एका वादात दोन्ही मिसळले की सुपरमॅनवर बोलता बोलता नटाच्या अंगकाठीवर चर्चा जाते. तुमच्या दुसऱ्या बैठकीचं तेच झालं.

'सुपरमॅन अजिंक्य आहे म्हणून कंटाळवाणा' हे मत घ्या. कुठला सुपरमॅन? जून १९३८ च्या पहिल्या अंकातल्याला उडता येत नव्हतं. तो एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर, उडी मारायचा, आणि फुटणारा तोफगोळा त्याची कातडी भेदू शकेल असं तिथेच छापलं आहे. उडणं पुढे १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये रेडिओ मालिकेतून आलं, कॉमिकमधून नव्हे. पुढच्या दशकांत ताकद वाढत वाढत अतोनात झाली आणि १९८६ मध्ये ती मुद्दाम कापली गेली. म्हणजे 'अजिंक्य' हा हेतू एका काळालाच लागू पडतो, सरसकट नाही. उलट मत मांडणाऱ्याने काळ बांधून घेतला तर त्याची बाजू भक्कम होते. आणि प्रतिपक्षाकडे याहून चांगलं उत्तर आहे: सुपरमॅनच्या चांगल्या कथांत 'जिंकेल का' हा प्रश्नच नसतो, सगळीकडे एकाच वेळी पोचता येत नसताना कुणाला वाचवायचं, हा असतो.

पान दाखवायचा नियम किती उपयोगी आहे याचा नमुना म्हणजे स्पायडरमॅन. ताकदीबरोबर जबाबदारी येते हे वाक्य बेन काकांच्या तोंडी आहे असं सगळे छातीठोकपणे सांगतात. १९६२ च्या पहिल्या कथेत ते शेवटच्या चौकटीतल्या निवेदनात आहे; काका ते बोलतच नाहीत. काकांच्या तोंडी ते नंतर घातलं गेलं. यावरून 'मूळ कथेत उपदेश कुणी करत नाही, मुलगा आपल्या चुकीतून शिकतो' अशी प्रतिज्ञा उभी राहते आणि ती फार चांगली टिकते.

याहून अवघड आणि रंगणारा वाद स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिच्या मृत्यूचा. १९७३ साली, अमेझिंग स्पायडरमॅनच्या १२१ व्या अंकात ती पुलावरून पडते, स्पायडरमॅन जाळ्याने तिला पकडतो, आणि त्या चौकटीत तिच्या मानेशी मोडल्याच्या आवाजाचा एक छोटा 'स्नॅप' छापला आहे. ती पडण्याने मेली की पकडल्याने? खलनायक म्हणतो पडण्याने. काही अंकांनंतर वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना संपादकांनी सांगितलं की झटक्याने मान मोडली. आता प्रतिज्ञा घ्या: 'कथेत काय घडलं हे पानावरून ठरतं, संपादकाचं नंतरचं म्हणणं पुरावा नाही.' या एका वादात चित्र, शब्द, ध्वनीचं अक्षर आणि लेखकाचा हेतू हे सगळं तपासलं जातं. ती दोन पानं मोठी करून छापून आणा, प्रत्येक बाकावर एक प्रत.

'पहिला सुपरहिरो कोण' हा वाद मराठी वाचकांना जवळचा आहे, कारण इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून १९९० पर्यंत निघाली आणि त्यातून वेताळ, म्हणजे फँटम, घरोघरी पोचला. वेताळाची मूळ चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी: अंगाला घट्ट बसणारा पोशाख, मुखवटा, बुबुळं न दिसणारे डोळे. तर पहिला वेताळच, असं उलटं मत. इथे भांडण पात्रांचं दिसतं, पण असतं व्याख्येचं. 'अलौकिक शक्ती असलेला' अशी व्याख्या केली तर वेताळ बाहेर जातो, पण बॅटमॅनही जातो, ही अव्याप्ती. 'पोशाख आणि मुखवटा घालून दुष्टांशी लढणारा' अशी केली तर वेताळ आत येतो, पण त्याच्याआधीचे कितीतरी मुखवटाधारी नायकही येतात, ही अतिव्याप्ती. म्हणून व्याख्या आधी फळ्यावर लिहा, तिला दोन्ही बाजूंची संमती घ्या, आणि मगच नावं घ्या. नावं आधी आली की प्रत्येक जण आपल्या लाडक्या पात्राच्या मापाची व्याख्या शिवतो.

बॅटमॅन मारत नाही, हा त्याचा स्वभावच आहे, असं म्हणणाऱ्यासाठी १९४० च्या बॅटमॅन पहिल्या अंकाची पानं ठेवा; तो विमानातून मशिनगन चालवतो. न मारण्याचा नियम संपादकांनी त्यानंतर घातला. नियम बाहेरून आला म्हणून तो खोटा ठरतो का, हा पुढचा वाद.

पटावरच्या खेळांचं सुख असं की इथे मत खेळून तपासता येतं. तरी लोक तासभर बोलतात आणि डबा उघडत नाहीत.

'व्यापार वाईट खेळ आहे, संपता संपत नाही' हे आता रूढ मत झालं आहे. त्याचं उलटं मत असं: 'खेळ वाईट नाही, घरचे नियम वाईट आहेत.' 'व्यापार' ज्यावरून निघाला त्या मूळ मोनोपॉलीत दोन गोष्टी छापील नियमांत आहेत आणि घरोघरी मोडल्या जातात. कुणी जागेवर पोचला आणि ती घेतली नाही, तर तिचा लगेच लिलाव व्हायला हवा. आणि दंड-कराचे पैसे बँकेत जायला हवेत; मधे गोळा करून 'फ्री पार्किंग'च्या घरावर येणाऱ्याला द्यायचे नाहीत. लिलाव गाळला की २८ मालमत्ता विकल्या जायला फार वेळ लागतो. दंडाचे पैसे पुन्हा खेळात सोडले की दिवाळं निघायला आलेला माणूस पुन्हा उभा राहतो. दोन्हीमुळे खेळ लांबतो. शिवाय डब्यात घरं ३२ आणि हॉटेलं १२ च असतात. घरं संपली की संपली. चार घरांवर थांबून हॉटेल न बांधता दुसऱ्याची कोंडी करणं हा खरा डाव आहे, पण लोक चिठोऱ्यांची घरं करून तो मोडतात. आपल्याकडच्या 'व्यापार'च्या डब्यांत नियम थोडे वेगळे असतात, तेव्हा डब्यातलं पत्रक आधी मोठ्याने वाचा.

तपासायला दोन टेबलं लावा, प्रत्येकी चार जण, नव्वद मिनिटं. एकावर छापील नियम, लिलावासह. दुसऱ्यावर घरचे नियम. दर पंधरा मिनिटांनी तीन गोष्टी लिहा: किती मालमत्ता विकल्या गेल्या, किती जण बाद झाले, आणि प्रत्येकाची रोकड किती. एका डावावरून निष्कर्ष काढू नका, फाशांचा लहरीपणा फार असतो. निदान तीन बैठका लागतील. विरोधी बाजूचा खरा मुद्दा वेळेचा नाहीच: जो पुढे जातो तो पुढेच जात राहतो, मागचा तासभर आधी हरलेला असतो आणि तरी बसून राहतो. लिलावाने हे बदलत नाही. यावर एक उत्तर ऐकलं पाहिजे: एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये ज्या खेळाचं पेटंट घेतलं, त्यातून हा खेळ निघाला, आणि जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीच्यांचं काय होतं हे दाखवणं हाच त्यांचा हेतू होता. खेळणाऱ्याला त्रास होतो हे मग दोष की यश?

सांगली हे बुद्धिबळाचं गाव. त्यामुळे 'नशिबाचे खेळ निकृष्ट' हे मत इथे वादाशिवायच मान्य असतं. त्याच्या उलट बाजूला लुडो उभा करा, पण आकडे घेऊन. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर येत नसेल, तर एका खेळाडूला दहा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. चौघांत मिळून निदान एक जण दहा फेऱ्यांनंतरही घरातच अडकलेला असण्याची शक्यता सुमारे ५० टक्के. म्हणजे 'मला दानच पडत नाही' हे दर दोन डावांत एकदा कुणीतरी म्हणणारच. आता एक किंवा सहा, दोन्हींवर सोंगटी काढू द्या: तीच ५० टक्क्यांची शक्यता ७ टक्क्यांवर येते. एका ओळीच्या नियमाने एवढा फरक पडतो. तेव्हा 'नशिबाचा खेळ' ही एकच जात नाही. नशीब कुठे बसवलं आहे हे पाहायला हवं. सुरुवातीलाच माणसाला बाहेर बसवणारं नशीब वाईट. आजी आणि सात वर्षांची नात यांना एका पटावर बरोबरीने बसवणारं नशीब ही त्या खेळाची गुणवत्ताच आहे, आणि ते बुद्धिबळाला जमत नाही. माझं मत इथे उघडच उलट्या बाजूला आहे.

आता बैठकीची आखणी. प्रतिज्ञा आठ दिवस आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. पुरावे, म्हणजे गाण्यांची यादी, पानांचे फोटो, नियमपत्रक, दोन दिवस आधी. बैठकीत मोबाईलवर शोधाशोध बंद, नाहीतर जो चटकन सापडवतो तो जिंकतो. प्रत्येक बाजूला दोन वक्ते. त्यांपैकी उलट्या बाजूचा निदान एक त्या मताचा खराखुरा असावा. वक्तृत्व स्पर्धांत चिठ्ठी टाकून बाजू देतात आणि तिथे ते ठीक आहे; पण आवडीच्या विषयात उसनं मत पोकळ वाजतं.

मांडणीला पाच मिनिटं. मग प्रतिपक्षाने खंडन सुरू करण्याआधी तीस सेकंदांत समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि समोरच्याने 'हो, हेच' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. न्यायशास्त्रातल्या बावीस निग्रहस्थानांत, म्हणजे वादात हार ठरवणाऱ्या चुकांत, अननुभाषण नावाचं एक आहे: समोरच्याने तीनदा सांगूनही त्याचं म्हणणं परत सांगता न येणं, आणि ज्याला ते जमत नाही तो तिथेच हरतो. हा एक नियम लावला तरी हमरीतुमरी निम्म्याने कमी होते. खंडनाला चार मिनिटं, मग दहा मिनिटं थेट सवाल-जवाब. कलगी-तुऱ्याच्या भेदिकात जसा एका फडाचा सवाल टाकून झाला की दुसऱ्याने त्याचाच जवाब द्यायचा, तसंच इथे: सवालाला सवालाने उत्तर नाही. मग सभेतले प्रश्न वीस मिनिटं, शेवटी दोन्ही बाजूंना दोन-दोन मिनिटं. तासाभरात आटोपतं. त्यापुढे लांबलं की गुऱ्हाळ होतं.

अध्यक्षाने दोन गोष्टींवर डोळा ठेवायचा. एक, प्रतिज्ञांतर: अडचणीत आल्यावर वाक्य हळूच बदलणं. 'सगळी गाणी' चं 'बरीचशी' झालं की थांबवा आणि फळ्यावरचं वाक्य बदलायचं का ते विचारा. बदलायला हरकत नाही, लपवायला आहे. दोन, वाक्छल: शब्दाचा भलताच अर्थ घेणं. शास्त्रातलं उदाहरण मराठीतही चालतं: 'नवकंबल' म्हणजे नवी कांबळ, पण छल करणारा म्हणतो नऊ कांबळी कुठे आहेत? आपल्याकडे हे 'लोकप्रिय' या शब्दावर होतं. एक जण खपाबद्दल बोलतो, दुसरा जिव्हाळ्याबद्दल. न्यायशास्त्राची ही परिभाषा कुणाला मुळातून पाहायची असेल तर वाईहून निघालेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे.

मोठ्यांचा मान हीही एक अडचण असते आणि ती बोलून दाखवली जात नाही. काका, सर, ताई समोर असले की विशीतली मुलं खंडन करत नाहीत, नुसती मान डोलावतात. सगळ्यांनी अध्यक्षालाच उद्देशून बोलायचं, आणि सभेतल्या प्रश्नांत सगळ्यांत लहान वयाच्यापासून सुरुवात करायची, असं ठरवा. हात वर करून मत घेऊ नका. हात मोठ्यांकडे बघून वर जातात. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा चिठ्ठ्या: बाजूने, विरुद्ध, ठरलं नाही. आधी बाजूने ५, विरुद्ध १५, अनिश्चित ५ असतील आणि नंतर बाजूने ९, विरुद्ध १३, अनिश्चित ३ झाले, तर बहुमत विरुद्ध असूनही डाव उलट्या मताने घेतला, कारण चार माणसं तिकडे सरकली.

पुढच्या तीन महिन्यांसाठी क्रम उलटा लावा: आधी लुडो, मग ग्वेन स्टेसी, मग ऑटोट्यून. खेळात आकडे असतात, कॉमिकमध्ये पान असतं, गाण्यात दोन्ही नसतात. तेव्हा सवय झाल्यावरच गाण्यांना हात घाला. एक जाड वही ठेवा. प्रत्येक प्रतिज्ञा तारखेसह लिहा, दोन्ही वेळचे आकडे लिहा, आणि कुणी मत मागे घेतलं तर कुठल्या पुराव्यावर घेतलं ते त्याच्याच हाताने लिहून घ्या.